झोप उडाली, तर कुणाकडे जायचं?

फलटण भागात ऊसतोड लांबली की शेतकऱ्याची झोप उडते, ऊस गेला की परत लागते. हा आजार नव्हे. पण झोप, भूक आणि कामातला रस दोन आठवडे गेलेलाच असेल, डेअरीला दूध घालायलाही उठवत नसेल, तर डॉक्टर गाठावा.

सुरुवात नेहमीच्या डॉक्टरांपासून चालते. पुढे साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय आहे. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात. चौथ्याच दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून त्या सोडल्या जातात, तिथंच घोडं अडतं.

ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या 14416 या मोफत क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

कुणी जीव द्यायची भाषा केली, तर मात्र आठवडे मोजू नयेत. त्याला एकटं सोडू नये, घरातलं कीटकनाशक हलवावं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.