नव्वद टक्के कर्जाचा हिशेब

घराच्या किमतीच्या नव्वद टक्के कर्ज मिळते, असे आपल्या वस्तीतील शिक्षकाला, कारकुनाला, परिचारिकेला हमखास सांगितले जाते. ते खोटे नाही. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देण्यास रिझर्व्ह बँकेची मुभा आहे. मात्र या किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणी फी धरली जात नाही. अपवाद १० लाखांपर्यंतच्या घराचा. दहा टक्क्यांची कशीबशी जुळवाजुळव केलेला माणूस नेमका इथे अडतो.

३० लाखांचे तयार घर घ्या. मुद्रांक शुल्क सहा टक्के धरू. महाराष्ट्रात ते गावा-शहरागणिक थोडे बदलते. कर्ज २७ लाख, पदरचे ३ लाख. शिवाय मुद्रांक १ लाख ८० हजार, नोंदणी ३० हजार. प्रक्रिया फी अर्धा टक्का असेल, तर १८ टक्के जीएसटीसह १५,९३०. वकिलाचा शोध-अहवाल, मूल्यांकन, गहाणाच्या नोंदीवरील मुद्रांक हे निराळेच. म्हणजे ३ लाख नव्हे, सव्वापाच लाखांहून अधिक रोकड हाताशी हवी.

ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्यांची मालमत्ता आहे, त्यांचा हा खड्डा वडिलांच्या ठेवीतून बुजतो. आपल्याकडे काय आहे? महार वतने १९५८ च्या कायद्याने खालसा झाली; परत मिळालेल्या जमिनीवर नव्या शर्तीचा शिक्का बसला. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही. मग उरतो सावकार, किंवा चढ्या व्याजाचे वैयक्तिक कर्ज. एका पगारातून दोन हप्ते सुरू होतात. हा दोष त्या कारकुनाच्या उधळेपणाचा नाही, हे आपल्याच शिकलेल्या मंडळींना पुन्हा पुन्हा सांगावे लागते!

काही पैसा वाचवता येतो. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतले, तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. वरील उदाहरणात ३० हजार. मालकी तिची होते, हा लाभ मी त्याहून मोठा मानतो. प्रक्रिया फी घासाघीस करून कमी होते, पण कर्ज नामंजूर झाल्यास ती परत मिळेल काय, हे आधी लेखी घ्यावे.

सर्वांत जपायचे ते विम्यापासून. गृहकर्जासोबत जीवन विमा घेतलाच पाहिजे, असा कायदा नाही. तरी ६० हजारांचा हप्ता ‘कर्जातच मिळवून टाकू’ म्हणतात. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांत त्याचे सुमारे सव्वा लाख होतात. विमा हवा असेल तर स्वतंत्र, पारखून घ्यावा.

१ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या कर्जाआधी सर्व आकार व एकूण वार्षिक दर दाखवणारे पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे बँकांना बंधनकारक आहे. ते मराठीत मागावे, घरी आणावे, आणि तीन बँकांची पत्रके शेजारी ठेवून वाचावीत. बदलत्या व्याजदराचे कर्ज मुदतीआधी फेडल्याबद्दल वैयक्तिक कर्जदाराकडून दंड घेता येत नाही. फेड पूर्ण झाल्यावर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत मिळाली पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५ हजार रुपये भरपाई मागता येते.