कचेरीतील संगणकास ग्राफिक्स कार्ड : एक टिपण

इतवारीतील व्यापारी पेढ्यांवर खतावणीची जागा संगणकाने घेतली, त्यास आता बराच काळ लोटला. असा संगणक काही वर्षांनी बदलला जातो आणि जुना अल्प किमतीत कोणा विद्यार्थ्याच्या घरी येतो. आमच्या एका विद्यार्थ्याने असाच एक संगणक इतवारीतून आणला. उपग्रहाने टिपलेल्या प्रतिमांचे वर्गीकरण हा त्याच्या प्रबंधाचा विषय. एकेका प्रतिमेस सबंध रात्र लागू लागली, तेव्हा शिष्यवृत्तीतून पैसे बाजूस काढून त्याने स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड घेतले. ते कार्ड त्या संगणकात बसलेच नाही. वेष्टन फोडलेला माल दुकानदाराने परत घेतला नाही, हे सांगावयास नकोच.

कचेरीच्या संगणकात चित्रणाचा भाग बहुधा प्रोसेसरच्या पोटातच असतो. त्यास स्वतःची मेमरी नसते. मुख्य मेमरीतूनच तो आपला वाटा घेतो. हिशेबाचे आकडे दाखविण्यास एवढे पुरते. स्वतंत्र कार्डावर मात्र शेकडो लहान गणनघटक एकच क्रिया अनेक आकड्यांवर एकाच वेळी करतात, आणि त्यांस आकडे पुरविणारी मेमरी कार्डावरच असते. प्रतिमेतील लक्षावधी बिंदूंवर तेच ते गणित करावयाचे असते, म्हणून तेथे लाभ मोठा. परंतु ज्यांस दुहेरी अचूकतेचे गणित करावयाचे आहे, त्यांनी सावध असावे. सामान्य ग्राहकांसाठी काढलेल्या एनव्हिडियाच्या अलीकडील कार्डांवर त्या गणिताचा वेग एकेरी अचूकतेच्या ३२ वा, काहींवर तर ६४ वा भाग इतकाच असतो.

मेमरीचा वेग हा प्रश्न नावावरून सुटत नाही. २०१७ साली आलेल्या जीटी १०३० या कार्डाची मेमरी जीडीडीआर५ जातीची होती व सेकंदास ४८ गिगाबाइट पुरवीत असे. पुढील वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचे कार्ड निघाले. त्याचा वेग सुमारे १६.८. संगणकातील २४०० गतीची एकच मुख्य मेमरी-पट्टीदेखील १९.२ देते! तेव्हा खोक्यावरील बारीक अक्षरे वाचणे हेही संशोधनच समजावे.

आता विजेकडे वळू. पीसीआय एक्सप्रेसच्या लांब स्लॉटमधून कार्डास अधिकाधिक ७५ वॅट मिळू शकतात. त्याहून अधिक हवे असल्यास पॉवर सप्लायपासून निराळी तार लागते. सहा पिनांची तार आणखी ७५ व आठ पिनांची १५० वॅट पुरविते. कचेरीच्या लहान संगणकांत ही तार बहुधा नसतेच. मोठा पॉवर सप्लाय आणून बसवावा, तर अनेक उत्पादकांच्या यंत्रांत त्याचा आकार व जोडण्या प्रमाणित नसतात. आमच्या विद्यार्थ्याची पहिली फसगत येथेच झाली. दुसरी झाली उंचीपाशी : अरुंद कॅबिनेटमध्ये अर्ध्या उंचीचे कार्डच मावते, आणि त्यासोबत आखूड पट्टी असावी लागते. पंख्यासह कार्डाची जाडी शेजारचा स्लॉट व्यापते, हेही मोजून घ्यावे.

अखेरीस त्याने तारेवाचून चालणारे, ७५ वॅटचे, अर्ध्या उंचीचे कार्ड मिळविले. (२०२४ मध्ये आलेले ६ गिगाबाइटचे आरटीएक्स ३०५० हे ७० वॅटांत भागते.) नागपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, म्हणून त्याने कॅबिनेटमधील धूळ झाडून संगणक भिंतीपासून हातभर दूर ठेवला.

कार्ड बसविले, तरी पडदा काळाच. दोन तास बिचारा कार्डास दोष देत बसला. मॉनिटरची केबल मात्र जुन्याच, मदरबोर्डवरील जागी राहिली होती. कार्ड बसताच अशा अनेक यंत्रांत ती जागा आपोआप बंद होते. केबल कार्डास जोडली, तेव्हा पडदा उजळला आणि त्याच रात्री तीन प्रतिमांचे वर्गीकरण पुरे झाले.