‘हार्ड’ आणि ‘हार्डली’

अमेरिकेतल्या पहिल्या नोकरीत स्वतःच्या कामाचा आढावा लिहिताना मी ‘आय वर्क्ड हार्डली’ असे लिहून दिले. सांगायचे होते, खूप कष्ट केले. साहेबांना वाटले, काम जेमतेमच केले! पगारवाढ बेतानेच मिळाली.

चूक झाली ती नियम पाळल्यामुळे. विशेषणाला ‘ली’ लावले की क्रियाविशेषण होते, हे शाळेत घोकलेले: स्लो-स्लोली, हॅपी-हॅपिली. पण जुन्या इंग्रजीत विशेषणाला नुसता ‘ए’ जोडूनही क्रियाविशेषण होत असे. पुढे तो शेवटचा स्वर उच्चारातून गळला आणि ‘हार्ड’, ‘फास्ट’ हे शब्द दोन्ही कामांना सारखेच उरले. ‘हार्डली’चा अर्थ मात्र सरकत सरकत ‘जेमतेम’वर आला. ‘लेट’ म्हणजे उशिरा आणि ‘लेटली’ म्हणजे अलीकडे, हीही तशीच फसवी जोडी. उलट ‘फ्रेंडली’ला ‘ली’ असूनही ते विशेषण, कारण तिथे ‘ली’ नामाला लागला आहे.

आपण ‘तो चांगला खेळतो, ती चांगली खेळते’ म्हणतो. विशेषणच क्रियेचे काम करते, वेगळा प्रत्यय लागत नाही. म्हणून ‘ही प्लेज गुड’ आपल्या कानाला खटकत नाही. तिथे ‘वेल’ हवे, हे माझी इथे वाढलेली मुलगी न घोकता जाणते. हल्ली माझे अर्ज तीच तपासते.