"आम्ही तर रोजच चालतो!"

रविवारी सकाळी सहाच्या सुमारास घोडबंदर रोडला दोन प्रकारच्या बाया चालताना दिसतात. एक, मानपाडा, आझादनगर, कोकणीपाडा अशा वस्त्यांतून पाटलीपाडा, वाघबीळ, कासारवडवलीच्या उंच इमारतींकडे धुणीभांडी आणि स्वयंपाकाला निघालेल्या. दुसऱ्या त्याच इमारतींतून खाली उतरलेल्या, पायांत धावण्याचे बूट घातलेल्या. वर्षातल्या एखाद्या रविवारी या दुसऱ्यांच्या अंगात गुलाबी टी-शर्ट असतो, छातीवर नंबर लावलेला असतो, आणि पुढे फलक असतो: स्त्रियांच्या कर्करोगासाठी चाला.

आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत याच रस्त्यावरून रोज कामाला जाणाऱ्या एका बाईने विचारले, "ताई, चालून कर्करोग कसा जातो? आम्ही तर रोजच चालतो." सगळ्या हसल्या. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ती ज्या घरी पोळ्या करते त्या मॅडमनी तिलाही शंभर रुपये मागितले होते, आणि तिने ते दिलेही होते. आपला शंभराचा तुकडा कुठे गेला हे विचारण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. जयंतीच्या वर्गणीचा हिशोब फळ्यावर लिहून घेणारे आपण, इथे का गप्प बसावे?

ही पद्धत आली कुठून ते आधी पाहू. कॅनडात टेरी फॉक्स नावाचा तरुण होता. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ साली त्याचा एक पाय मांडीतून कापावा लागला. रुग्णालयात त्याने इतर मुलांचे हाल पाहिले आणि ठरवले की कर्करोगावरील संशोधनासाठी देशातल्या प्रत्येक माणसाकडून एक डॉलर मिळवायचा. १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पायावर तो देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावू लागला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि रोग फुप्फुसात पोहोचल्यामुळे १ सप्टेंबरला त्याला थांबावे लागले. २८ जून १९८१ रोजी तो गेला, पण त्याआधीच देशाच्या लोकसंख्येइतके, म्हणजे दोन कोटी चाळीस लाखांहून अधिक डॉलर जमले होते. पुढे त्याच्या नावाची दौड अनेक देशांत भरू लागली. मुंबईतही ती भरत आली, आणि त्यातला पैसा परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधनाला मिळाला.

स्त्रियांच्या कर्करोगासाठी वेगळी दौड अमेरिकेत १९८३ साली डॅलस शहरात सुरू झाली, इंग्लंडमध्ये १९९४ साली. कॅनडातील टोरांटो शहरात तर स्त्रियांच्या कर्करोगासाठी दोन दिवसांत साठ किलोमीटर चालण्याचा उपक्रम बरीच वर्षे चालला. चालणाऱ्याने आधी नातेवाईक, शेजारी, कामावरचे सोबती यांच्याकडून ठरलेली रक्कम गोळा करायची, मगच चालायला मिळायचे. म्हणजे चालण्याने पैसा येत नाही, चालणाऱ्याच्या शब्दाखातर लोक पैसा देतात. आपल्याकडे मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, तिच्यात अनेक संस्था याच पद्धतीने निधी जमवतात. टाटा रुग्णालयाशी जोडलेली, स्त्रियांच्या कर्करोगासाठी काम करणारी संस्थाही आहे. २०१२ पासून मिलिंद सोमण यांची फक्त स्त्रियांसाठीची पिंकेथॉन आली, तिचा भर स्तनाच्या कर्करोगाच्या जागृतीवर.

आता मुद्द्यावर येऊ. जमलेला पैसा तीन वाटांनी जातो. गरीब रुग्णाच्या उपचाराला मदत, लोकांत जागृती, आणि संशोधन. पहिल्या दोन वाटा डोळ्यांना दिसतात. आपल्याकडे पैसा बहुधा तिकडेच जातो, आणि टाटाच्या बाहेर पदपथावर झोपलेली कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत ते त्याबद्दल तक्रार करणार नाहीत. अमेरिकेत मात्र दात्यांनीच जाब विचारला की फलकावर रोग हटवण्याची भाषा आणि संशोधनाच्या वाट्याला एवढेच का? संशोधनाची वाट दिसत नाही, म्हणून ती मागे पडते. तीच आपल्या सर्वांत जवळची आहे असे मला वाटते, आणि त्याचे कारण मुंबईच्याच वस्त्यांत सापडते.

१९९८ साली टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मुंबईतील झोपडपट्ट्यांत एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. वस्त्यांचे वीस भाग पाडून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटात दर दोन वर्षांनी, असे चार वेळा, गर्भपिशवीच्या तोंडाची आणि स्तनांची तपासणी. दुसऱ्या गटाला फक्त रोगाची माहिती. तपासणी करणारे डॉक्टर नव्हते. दहावीपर्यंत शिकलेल्या बायांना काही आठवड्यांचे शिक्षण देऊन तयार केले होते. साधन काय? सौम्य केलेले व्हिनेगर! चायनीजच्या गाडीवर बाटलीत असते त्याच जातीचे आम्ल, पण औषधाच्या मापाने तयार केलेले. ते कापसाने गर्भपिशवीच्या तोंडाला लावायचे, एक मिनिट थांबायचे आणि दिव्याच्या उजेडात पाहायचे. बिघडू लागलेला भाग पांढरा दिसतो. (हे घरी करून पाहण्याचे काम नव्हे, शिकलेल्या हातानेच करायचे.)

२०१३ साली निकाल जाहीर झाला. तपासणी झालेल्या गटात गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. देशभर असे केले तर वर्षाला २२ हजार स्त्रियांचे प्राण वाचतील असा संशोधकांचा अंदाज होता. स्तनांच्या तपासणीचा निकाल वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ साली आला. कोणतेही यंत्र न वापरता, नुसत्या शिकलेल्या हाताने दर दोन वर्षांनी तपासले, तर रोग लवकरच्या अवस्थेत सापडतो, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतात. मॅमोग्राफीचे यंत्र ज्या वस्तीत कधीच येणार नाही, तिथल्या बाईसाठी याचे मोल मोठे आहे.

दुसरे उदाहरण आपल्या गावाकडचे. घोडबंदर पट्ट्यात मराठवाडा-सोलापूरकडून आलेली घरे पुष्कळ, त्यांना बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय माहीत असेल. त्या रुग्णालयाने टाटाबरोबर उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. या कर्करोगाच्या मुळाशी असणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात फक्त एकदा केली तर काय फरक पडतो, हे पाहायचे होते. २००९ साली निकाल छापून आला: आठ वर्षांत तपासणी झालेल्या गटात ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ६४. जवळजवळ निम्मे. जगभरच्या डॉक्टरांनी हा निकाल वाचला आणि मानला. ज्या बायांनी तो घडवला त्यांतल्या कितीतरी ज्वारीच्या रानातून हात धुऊन तपासणीला आलेल्या असतील.

या दोन्ही अभ्यासांचा पैसा पदयात्रांतून आलेला नव्हता, हे स्पष्ट सांगायला हवे. मुंबईच्या अभ्यासाला अमेरिकन सरकारच्या आरोग्य संस्थेचा पैसा होता, उस्मानाबादच्या अभ्यासाला गेट्स फाउंडेशनचा. मग पदयात्रेचा संबंध काय? संबंध असा की व्हिनेगर विकून कोणत्याही कंपनीला नफा होत नाही. औषध कंपनी स्वतःचा पैसा घालते तो नव्या, महागड्या, तिच्या मालकीच्या औषधावर. जे स्वस्त आहे, जुने आहे, कोणाच्याही मालकीचे नाही, ते उपयोगी आहे की नाही हे तपासायला पैसा सरकारचा लागतो किंवा लोकांच्या देणगीचा. गरिबाच्या उपयोगाचे संशोधन बाजार करत नाही. याची आणखी स्पष्ट साक्ष २०२३ साली मिळाली. स्तनाच्या गाठीची शस्त्रक्रिया करण्याआधी गाठीभोवती बधिरीकरणाचे साधे इंजेक्शन द्यायचे, दात काढताना देतात त्याच प्रकारचे, आणि सात-दहा मिनिटे थांबून मग कापायचे. टाटाच्या पुढाकाराने देशातील अकरा रुग्णालयांत सुमारे सोळाशे स्त्रियांवर हे पाहिले गेले. पाच वर्षांनंतर हयात असलेल्या स्त्रियांचे प्रमाण इंजेक्शन न दिलेल्या गटात ८६.४ टक्के, दिलेल्या गटात ९०.१ टक्के. खर्च शंभर रुपयांच्या आत! याचा पैसा केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याने दिला. आमच्या मंडळातील बाईने दिलेल्या शंभरात असे एक इंजेक्शन येते. पण ते उपयोगी आहे हे कळायला अकरा वर्षे लागली, आणि त्या अकरा वर्षांचा पगार, नोंदवह्या, तपासण्या, पत्ते बदललेल्या बाया शोधत फिरणे, हाच संशोधनाचा खरा खर्च असतो. नवी काचेची प्रयोगशाळा नव्हे.

एक बोचरी गोष्टही सांगितली पाहिजे. मुंबईच्या अभ्यासातील ज्या निम्म्या स्त्रियांची तपासणी झाली नाही, त्यांचे काय? तुलनेला दुसरा गट लागतो, त्याशिवाय फरक कळत नाही, हे शास्त्र झाले. पण तपासणीचा उपयोग होतो हे परदेशात आधीच माहीत असताना त्यांना तशीच का ठेवली, आणि आपण कशाला होकार देतो आहोत हे त्यांना नीट समजावले होते का, असे प्रश्न डॉक्टरांनीच जाहीरपणे विचारले. भारतात या रोगाची सर्रास तपासणी नव्हतीच, म्हणून आम्ही कोणाचे काही काढून घेतले नाही, असे संशोधकांचे उत्तर होते. निकालानंतर त्या गटालाही तपासणी देण्याचे ठरले. मला हे उत्तर पुरते पटत नाही. आणि तरीही मी त्या निकालाला नाकारू शकत नाही, कारण त्यातून मिळालेले ज्ञान आता आपल्याच बायांच्या हक्काचे आहे. पुढे कोणी वस्तीत अभ्यासासाठी आले तर कागद मराठीत मागा, वाचून घ्या, दुसऱ्या गटाचे काय होणार ते विचारा. नाही म्हणण्याचा अधिकार आहे, आणि नाही म्हटल्याने उपचार बंद होत नाहीत.

तेव्हा पुन्हा त्या शंभर रुपयांकडे. पदयात्रेसाठी कोणी पैसे मागितले तर पावती घ्यावी. त्यावर संस्थेचे नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. पैसा उपचाराला, जागृतीला की संशोधनाला, हे विचारावे, आणि संशोधनाला म्हटले तर कोणत्या रुग्णालयात, कोणत्या अभ्यासाला, तेही. महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांना धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली हिशोब ठेवावा लागतो, तेव्हा हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. टी-शर्ट, मंडप, बँडबाजा यांत किती गेले आणि रुग्णालयाच्या हाती किती पडले, हे सांगायला प्रामाणिक आयोजक कचरत नाही. देणगी थेट रुग्णालयातही देता येते, त्यासाठी चालावेच लागते असे नाही.

आणि चालणाऱ्या भगिनींनाही एक विनंती. तुमच्या घरी काम करणारी बाई तुमच्याच सोबत त्या रस्त्यावर असते. २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा आणि १ लाख २७ हजार स्त्रियांना गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग होतो. दुसऱ्या आकड्यात हातावर पोट असणाऱ्या बायांचा भरणा जास्त. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाणे, संबंधानंतर रक्त दिसणे, वास येणारे पांढरे पाणी, स्तनात न दुखणारी गाठ, या गोष्टी आपल्या बाया "होतं असं" म्हणून वर्षभर लपवतात. न दुखणारी गाठ हीच जास्त काळजीची, हे सांगून सांगून थकायला होते. तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात तोंड, स्तन आणि गर्भपिशवीचे तोंड यांची तपासणी मोफत आहे. रोग निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. परळला जावे लागले तर मुक्कामासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, तिथे टाटाचे रुग्ण वर्षानुवर्षे उतरतात.

ज्या बाईच्या प्रश्नावरून हे सगळे निघाले, तिचे वय ४६. सगळे ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, तपासणी करून घेते, पण रविवारीच जमेल. तिच्या जवळचे केंद्र रविवारी बंद. इतर दिवशी ते ज्या वेळात उघडे असते त्या वेळात ती चार घरी भांडी घासत असते. तिने बुधवारची सुट्टी मागितली आहे. तीन घरांतून होकार आला. चौथे घर गुलाबी टी-शर्टवाल्या मॅडमचे, तिथे ती उद्या विचारणार आहे.