संगणक गाळतो, सेल ठरवतो
लिथियम-आयन बॅटरीच्या इलेक्ट्रोलाइटसाठी इथिलीन कार्बोनेट आणि प्रॉपिलीन कार्बोनेट हे दोन द्रावक शेजारी ठेवून पाहावेत. दोन्ही रेणूंत फरक आहे तो एका मिथाइल गटाचा. कागदावर प्रॉपिलीन कार्बोनेट सरस ठरतं, कारण ते कडाक्याच्या थंडीतही द्रव राहतं. शुद्ध इथिलीन कार्बोनेट साधारण ३६ अंश सेल्सिअसखालीच गोठतं. पण ग्रॅफाइटच्या सेलमध्ये नुसतं प्रॉपिलीन कार्बोनेट भरलं, तर चार्जिंग होताना ते लिथियमसोबत ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांत घुसतं आणि ते सोलून काढतं. इथिलीन कार्बोनेट मात्र पृष्ठभागावर थोडं विघटित होऊन पातळ थर बनवतं. हा थर लिथियमला वाट देतो, द्रावकाला अडवतो. १९९० च्या सुमारास हे उमगलं ते प्रयोगातून. म्हणूनच इलेक्ट्रोलाइटच्या शोधात संगणकाकडं वाईट उमेदवार गाळण्याचं काम द्यावं आणि निकाल सेलवर सोडावा, असं मला ठामपणे वाटतं.

रेणू किती व्होल्टेजला इलेक्ट्रॉन सोडेल, लिथियमभोवती कोण जमेल, हे क्वांटम गणित बऱ्यापैकी सांगतं. अडतं ते त्या थरापाशी. रेणूंच्या हालचालींच्या सिम्युलेशनची एक पायरी जेमतेम फेम्टोसेकंदाची, म्हणजे एका सेकंदासाठी एकावर पंधरा शून्यं इतक्या पायऱ्या. थर घडायला तास लागतात, झिजायला वर्षं. मशीन लर्निंगनं हे अंतर मिटवलं, असं कुणी म्हणेल. क्वांटम गणितावर शिकवलेली मॉडेल्स कित्येक पटींनी वेगवान आहेत, हे खरंच. पण जी विघटनं त्यांना दाखवलीच नाहीत, तिथं त्यांच्या उत्तरावर विसंबता येत नाही.

मग यंत्राचा उपयोगच काय? कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ‘क्लिओ’ या यंत्रमानवानं २०२२ मध्ये याचं चोख उत्तर दिलं. पंपांनी मिश्रण करायचं, वाहकता मोजायची आणि पुढचं मिश्रण अल्गोरिदमनं सुचवायचं, असे ४२ प्रयोग कामकाजाच्या दोन दिवसांत झाले आणि जलद चार्जिंगसाठी सहा मिश्रणं हाती आली. माणसाचा बराच वेळ वाचवणारं हे काम मला फार मोलाचं वाटतं. तरी त्या मिश्रणांची परीक्षा शेवटी पाऊच सेलमध्येच घ्यावी लागली. शिवाय मॉडेल शिकतं ते नोंदींवर, आणि फसलेली मिश्रणं शोधनिबंधांत क्वचितच छापली जातात. प्रयोगशाळांनी त्या नोंदीही खुल्या कराव्यात आणि निधी देणाऱ्यांनी तशी अटच घालावी.