मागची बाजू दाखवाल का?

दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास ह्यूस्टनच्या जॉर्ज आर. ब्राउन कन्व्हेन्शन सेंटरमध्ये इंटरनॅशनल क्विल्ट फेस्टिव्हल भरतो. केरी ब्रेसेनहान या दुकानदारीण बाईंनी 1970च्या दशकाच्या मध्यावर आपल्या गिऱ्हाइकांसाठी एक छोटा मेळा भरवला, त्याची आता गोधडीवेड्यांची पंढरी झाली आहे. तिथल्या दालनांत रांगेनं टांगलेल्या क्विल्टांमधून फिरताना पांढरे सुती हातमोजे घातलेल्या बायका ठिकठिकाणी उभ्या दिसतात. क्विल्टला हात लावायची मुभा फक्त त्यांना. बोटांवरचं तेल कापडात मुरतं आणि पुढे कधीतरी डाग होऊन वर येतं, म्हणून हे हातमोजे. या बायका राखण करतात हे खरं, पण त्यांची वाट बघितली जाते ती दुसऱ्याच कामासाठी. कोणीतरी जवळ येऊन हळूच विचारतं, "मागची बाजू दाखवाल का?" मग त्या खालचा कोपरा दोन्ही हातांत धरतात आणि अलगद उलटतात.

ते हातमोजे मीही घातले आहेत, आणि माझ्या मते प्रदर्शनातली सगळ्यात मानाची जागा तीच. पुढून नक्षी आणि रंगसंगती दिसते. हात कळतो तो मागून. एकदा टेक्ससच्या कुठल्याशा शेतावरून आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना मी कोपरा उलटून दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, नाक कापडाला लागेल इतक्या वाकल्या आणि म्हणाल्या, "इथून इथपर्यंत एकीनं शिवलंय, आणि इथून पुढे दुसरीनं." मी माहितीपत्रक वाचलं. आईनं अर्धवट टाकलेली क्विल्ट मुलीनं पुरी केली होती. पुढच्या बाजूला याचा मागमूस नव्हता.

मी इथे आले ती नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ, एच-फोर व्हिसावर. तेव्हा या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरी करता येत नसे. काही जणींना ती सवलत मिळाली 2015 साली. आमच्या ओळखीतल्या कितीतरी मराठी मुली इंजिनिअरिंगच्या, फार्मसीच्या पदव्या सुटकेसमध्ये ठेवून दिवसभर घरात असायच्या. घराजवळच्या कापडाच्या दुकानात नवशिक्यांसाठी क्विल्टचा वर्ग निघाला, तेव्हा मी नाव घातलं. बाहेर पस्तीस अंशांचं ऊन आणि आत बसून आम्ही पांघरूण शिवतोय, याचं पहिल्या दिवशी मला नवल वाटलं होतं. तिथे एसी इतका कडक असतो की त्याच दिवशी ते ओसरलं.

शिकवणाऱ्या बाई एका तेलकंपनीत नकाशे काढण्याचं काम करून निवृत्त झालेल्या. त्यांनी पहिल्या तासाला रंग, नक्षी वगैरे काहीही काढलं नाही. दीड-दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या दिल्या, त्या पाव इंच शिवण धरून जोडायला लावल्या आणि मग मधली पट्टी मोजायला सांगितली. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे. भरत नसेल तर उसवा, पुन्हा टीप घाला. वर्गातल्या अर्ध्या जणी वैतागल्या. त्यावर बाईंनी हिशेब मांडला, तो मला लगेच पटला, कारण आमच्याकडचा सुतारही हाच हिशेब करतो. दर शिवणीला अर्धं सूत जरी चुकलं, तरी आठ शिवणींमध्ये अर्धा इंच गेला. मग शेवटच्या ओळीला चांदणीची टोकं कापली जातात आणि ती चूक पहिल्या शिवणीत झालेली असते. इस्त्रीचंही तसंच. इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची आणि उचलायची. फिरवली की तिरपं कापलेलं कापड ताणतं. एका ओळीच्या शिवणी डावीकडे दाबायच्या, पुढच्या ओळीच्या उजवीकडे. अशा दोन ओळी समोरासमोर धरून सरकवल्या की एका जागी त्या एकमेकींत बसतात. तो क्षण दिसत नाही, चिमटीतल्या बोटांना कळतो. मला तो पहिल्यांदा कळला तेव्हा मी टाचणी न लावता दहा मिनिटं नुसत्या त्या दोन ओळी सरकवत बसले होते.

वर्गातून गिल्डमध्ये, म्हणजे क्विल्ट करणाऱ्यांच्या मंडळात, आणि गिल्डमधून दर मंगळवारच्या 'बी'मध्ये जायला वेळ लागला नाही. बी म्हणजे आठ-दहा जणींचं एकत्र शिवायला बसणं. तिथे ज्या गोष्टी ऐकल्या त्या कुठल्या पुस्तकात नव्हत्या. सत्तरी ओलांडलेल्या बायका सांगायच्या, 1979 साली जपानच्या ओल्फा कंपनीनं फिरत्या पात्याचा कटर काढला, त्याआधी प्रत्येक तुकडा पुठ्ठ्याच्या साच्यावर पेन्सिलनं आखून कात्रीनं कापावा लागे, आणि अंगठ्याला घट्टे पडत. दुकानात 'फॅट क्वार्टर' का विकतात तेही तिथेच कळलं. पाव यार्ड कापड सरळ फाडलं तर नऊ इंचाची लांबलचक चिंधी हाती येते, तिच्यातून मोठा चौकोन निघत नाही. तेच पाव यार्ड अठरा बाय बावीस असं कापलं की निघतो. आणि अर्धवट पडलेल्या क्विल्टांना सगळ्या जणी 'यूएफओ' म्हणतात. प्रत्येकीच्या कपाटात त्या असतातच. एखादी सभासद वारली की बाकीच्या तिच्या घरी जाऊन यूएफओ वाटून घेतात आणि पुऱ्या करून तिच्या नातवंडांना देतात. हे कोणी ठरवलेलं नाही, पण चुकलेलं मी पाहिलं नाही.

प्रदर्शनात प्रेक्षक हमखास एक गोष्ट सांगतात. जुन्या बायका मुद्दाम एक तुकडा उलटा जोडायच्या म्हणे, कारण परिपूर्ण फक्त देव! गोष्ट गोड आहे, पण क्विल्टचा इतिहास अभ्यासणाऱ्यांना तिला पुरावा सापडलेला नाही. मला ती मनापासून नावडते. दिवसभर शेतात राबून रात्री दिव्याच्या उजेडात शिवणाऱ्या बाईचा एखादा तुकडा उलटा लागला असेल, तर त्याला तिचा थकवा पुरेसा आहे.

असा थकवा ज्यांच्यात स्वच्छ दिसतो त्या क्विल्टा अलाबामातल्या जीज बेंडच्या. नदीच्या वळणात अडकलेलं हे कृष्णवर्णीयांचं गाव. त्यांच्या क्विल्टांचं गाजलेलं प्रदर्शन 2002 साली पहिल्यांदा भरलं ते आमच्याच ह्यूस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये, मग ते न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमला गेलं. 2006 साली या क्विल्टांची टपाल तिकिटंही निघाली. जीज बेंडच्याच मिझूरी पेटवे यांची 1942 सालची क्विल्ट मी छायाचित्रातच पाहिली आहे. नवरा गेला, तेव्हा त्याचे कामावरचे कपडे उसवून त्यांनी ती जोडली, त्याची आठवण राहावी आणि मायेची ऊबही मिळावी म्हणून. गुडघ्याशी विटलेल्या पँटचे निळे-करडे लांब तुकडे तसेच्या तसे लावलेत. पाव इंचाचा हिशेब तिथे कोणी मागत नाही. मागूही नये.

तो हिशेब मागितला जातो परीक्षकांच्या खोलीत. गिल्डच्या प्रदर्शनाआधी दार बंद करून हा कार्यक्रम चालतो आणि तिथे मी लेखनिक म्हणून बसले आहे. क्विल्टवरच्या नावाच्या चिठ्ठीवर कापड टाचलेलं असतं. दोघी जणी क्विल्ट उंच धरतात. परीक्षक आधी लांबून बघतात, मग जवळ येतात, मग "उलटा" म्हणतात. त्या बोलतात ते लेखनिकानं लिहायचं, स्वतः एक शब्द काढायचा नाही. आमच्या परीक्षक बाई गोट चिमटीत धरून सगळ्या कडेनं बोटं फिरवायच्या, कारण आतला कापूस गोटाच्या टोकापर्यंत भरलेला हवा. पोकळ गोट आधी झिजतो. कोपऱ्यावर दुमड टाक्यांनी बंद केली आहे का, आखलेली पेन्सिल पुसली गेली का, मांजराचे केस चिकटलेत का, सगळं बघायच्या. एका वर्षी दोन क्विल्टा पहिल्या बक्षिसासाठी अडल्या. पुढून दोन्ही निर्दोष. बाईंनी दोन्ही टेबलावर पालथ्या घातल्या, बत्ती जवळ ओढली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. एकीत दोरा संपला तिथे बारीक गाठी वर राहिल्या होत्या. दुसरीत गाठ आत ओढून घेतलेली, दोरा कुठे संपला आणि कुठे सुरू झाला ते सापडेना. निकाल लागला.

हातशिलाई की मशीन, हा वाद मात्र अशा खोल्यांमध्येही मिटत नाही. 1989 साली केंटकीतल्या पडुकाच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या 'करोना टू: सोलर इक्लिप्स' या क्विल्टला सर्वोत्तमचं बक्षीस मिळालं. मशीननं टाके घातलेल्या क्विल्टला हा मान तिथे पहिल्यांदाच मिळत होता, आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. आमच्या बीमधल्या दोन मैत्रिणी त्या विषयावर अजून एकमेकींशी वाद घालतात, आणि दोघी एकाच गाडीतून घरी जातात. मी हातशिलाईवाली. पण मशीनवर इतकी वळणं सारख्या टाक्यांत सांभाळायला काय लागतं ते मी करून पाहिलंय, त्यामुळे त्या वादात मी मशीनच्या बाजूनं बोलते.

काही वर्षांपूर्वी बीमध्ये एक जण 'कवंदी' शिकवायला आली. उत्तर कन्नडमधल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायकांची ही गोधडी. पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे हे वंशज. कॅलिफोर्नियातल्या हार्प्सिकॉर्डवादक मार्गारेट फॅब्रिझियो तिकडे जाऊन ती शिकून आल्या, आणि त्यांच्यामुळे ती अमेरिकी बायकांत पसरली. कोपऱ्यापासून सुरुवात करायची, कडेकडेनं तुकडे लावत, धावदोरा घालत मध्याकडे यायचं. जोडणं आणि टाके घालणं एकाच वेळी. चारही कोपऱ्यांना कापड दुमडून केलेली त्रिकोणी फुलं हवीतच. शिकवणारी हे सांगत होती आणि माझे हात तिच्या पुढे चालत होते. सांगलीकडे आमची आई वाकळ अशीच कडेकडेनं आत येत शिवते. फुलं तेवढी नसतात.

त्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे आली होती. तिला मी बीला नेलं. इंग्रजी येत नसल्यानं तिचं काही अडलं नाही. पहिली क्विल्ट हातात येताच तिनं ती उलटली, टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली. मग मधला थर चाचपून मला म्हणाली, "हे आत नवा कापूस कशाला घालतात गं? जुनं लुगडं नाही का मिळत यांना?" मी ते इंग्रजीत सांगितलं, तेव्हा सगळ्या जणी तिच्याभोवती जमा झाल्या. परत जाण्याआधी तिनं माझ्या सुती साड्यांची एक वाकळ इथेच बसून शिवली.

ती मी गिल्डच्या प्रदर्शनाला द्यायची ठरवली आणि पंचाईत झाली. नियमानुसार क्विल्टला तीन थर हवेत, वरचा, मधलं भरण आणि अस्तर, आणि ते टाक्यांनी बांधलेले हवेत. वाकळीत नुसत्या साड्याच साड्या, भरण कुठलं? अर्ज परत येणार अशी चिन्हं होती. समितीच्या बैठकीत यावर तासभर खल झाला. शेवटी त्या नकाशेवाल्या बाई उठल्या. जीज बेंडच्या कितीतरी क्विल्टांच्या आत जुने कपडेच भरलेले असतात, त्यांना संग्रहालयं क्विल्ट म्हणतात, मग आपण कोण नाही म्हणणार, असं त्यांनी विचारलं. मधली साडी हेच भरण, असं लिहून घेण्यात आलं आणि वाकळ 'हातशिलाई, मोठी' या गटात लागली.

बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांच्या कागदावर दोन ओळी होत्या: टाके शेवटपर्यंत सारखे आणि मागची बाजू पुढच्याइतकीच देखणी, कडा सरळ करण्यावर लक्ष द्यावं. मी फोनवर आईला वाचून दाखवलं. मागच्या बाजूबद्दलची ओळ तिनं पुन्हा वाचायला लावली. कडांबद्दल म्हणाली की तुमच्या त्या गुळगुळीत टेबलावर साड्या सरकत होत्या, पुढच्या वेळी जमिनीवर सतरंजी घालून बसायचं. आणि लगेच विचारलं, पुढचे अर्ज कधी निघतात?