वळसा घालून येणारा आवाज

जुन्या कॉम्प्युटरवर ज्यांनी टीव्ही पाहिलाय, त्यांना हा चमत्कार ठाऊक असेल. पडद्यावर बातम्या चालू आहेत आणि मध्येच विंडोज गोठतं. माउस हलत नाही, निवेदिकेचं तोंड अर्धं उघडं राहिलेलं. बातम्या मात्र ऐकू येतच राहतात! पुढची बातमी, मग हवामान, मग जाहिराती. कॉम्प्युटर पार बेशुद्ध, मग बोलतंय कोण?

खरं सांगायचं तर हा आवाज कॉम्प्युटरमध्ये कधी शिरलेलाच नसतो. प्रोसेसर, मेमरी, हार्ड डिस्क, कुणाशीच त्याची गाठ पडलेली नसते.

२००० सालच्या आसपास कॉम्प्युटरवर टीव्ही दाखवणाऱ्या ट्यूनर कार्डाच्या खोक्यात बहुधा एक छोटी केबल यायची, दोन्ही टोकांना हेडफोनची असते तशी ३.५ मिलिमीटरची पिन. एक टोक ट्यूनर कार्डाच्या ऑडिओ-आउटमध्ये, दुसरं साउंड कार्डाच्या लाइन-इनमध्ये. दोन्ही एकाच मदरबोर्डवर बसलेली, तरी एकमेकांशी बोलायला त्यांना कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागून वळसा घालणारी तार लागायची. दिसायला शुद्ध जुगाड. पण त्यामागचं कारण टीव्हीच्या जन्मापासूनचं आहे.

त्या काळच्या टीव्हीच्या लहरींमध्ये चित्र आणि आवाज मुळातच वेगळे निघायचे. भारतातल्या पॅल-बी पद्धतीत व्हीएचएफच्या चौथ्या चॅनेलचं चित्र ६२.२५ मेगाहर्ट्‌झवर असायचं आणि आवाज ६७.७५ वर. चित्र लहरीच्या उंचीत भरलेलं, आवाज लहरीच्या वारंवारितेत, म्हणजे एफएम रेडिओसारखा. दोघांत अंतर बरोबर ५.५ मेगाहर्ट्‌झ. कार्डावरची पत्र्याची बंद डबी म्हणजे ट्यूनर. तो स्वतःची १०१.१५ मेगाहर्ट्‌झची लहर तयार करून आलेल्या लहरींत मिसळतो. वजाबाकी होते: चित्र येतं ३८.९ वर, आवाज ३३.४ वर. चॅनेल बदललं की ट्यूनर आपली लहर बदलतो आणि वजाबाकीचं उत्तर पुन्हा तेच आणतो.

आता यातली खरी गंमत. ट्यूनरची लहर जराशी सरकली, तर चित्र आणि आवाज दोन्ही तेवढेच सरकतात, पण त्यांच्यातले ५.५ मेगाहर्ट्‌झ हलत नाहीत. उपरणं-शालूची गाठ मारलेल्या नवरा-नवरीसारखं, कुठेही गेले तरी अंतर तेवढंच! ही गाठ प्रक्षेपण केंद्रातच मारलेली असते. म्हणून टीव्ही आवाज शोधायला थेट हवेत जात नाही. चित्राची लहर आणि आवाजाची लहर एकमेकींत मिसळून जो ५.५ चा फरक उरतो, त्यातून आवाज काढतो.

या सोयीची किंमतही आहे. पॅल-बीमध्ये पडद्यावरचा पांढरा रंग म्हणजे चित्राची लहर सर्वांत क्षीण. प्रक्षेपणात कुणी फार भडक पांढरी अक्षरं टाकली, तर ती लहर जवळपास नाहीशी होते, वजाबाकीला जोडीदारच उरत नाही आणि स्पीकरमधून ‘घर्रर्र’ येतं. श्रेयनामावली आली की घरघर, अक्षरं गेली की शांत. पांढरा रंग चक्क ऐकू येतो.

आणि म्हणूनच कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये देश निवडणं ही नुसती औपचारिकता नव्हती. ब्रिटनच्या पद्धतीत हे अंतर ६ मेगाहर्ट्‌झ होतं, चीनमध्ये ६.५, अमेरिकेत ४.५. चुकून ब्रिटन निवडलं, तर चित्र छान दिसू शकतं, रंगही ठीक, पण आवाजाच्या जागी नुसती खरखर. मग माणूस केबल उपसून पाहतो, स्पीकर आपटतो. दोष असतो अर्ध्या मेगाहर्ट्‌झचा.

तर या मार्गाने आवाज कार्डावरच तयार होतो, थेट स्पीकरला देता येईल असा. चित्राला मात्र कॉम्प्युटरच्या पडद्यावर खिडकीत बसायचं असतं, म्हणून त्याचे आकडे करावेच लागतात. ते काम ब्रुकट्री कंपनीची बीटी८४८ ही चिप करायची. एका चौकटीत ७६८ गुणिले ५७६ ठिपके, प्रत्येकाला दोन बाइट, सेकंदाला २५ चौकटी: दर सेकंदाला सुमारे २ कोटी २१ लाख बाइट. सीडीच्या दर्जाच्या आवाजाला लागतात १ लाख ७६ हजार. म्हणजे सव्वाशे पट अवजड चित्र मदरबोर्डवरून राजरोस जायचं आणि चिमूटभर आवाज मागच्या दाराने. कारण ८४८ चिपला आवाजाचे आकडे करताच येत नव्हते. आणि करायचे तरी कशाला? शेजारी साउंड कार्ड बसलेलंच होतं.

साउंड कार्डावरची मिक्सर चिप लाइन-इनमधला आवाज आहे तसा, आकडे न करता, स्पीकरकडे सोडते. सॉफ्टवेअरचा संबंध फक्त तोटी उघडण्यापुरता, म्हणूनच विंडोज गोठलं तरी बातम्या चालू. पण तोटी उघडावी लागते. व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये लाइन-इन बऱ्याचदा म्यूट असतो. शिवाय ऐकण्याची यादी वेगळी आणि रेकॉर्डिंगची वेगळी. एकीत लाइन-इन चालू केला म्हणून दुसरीत होत नाही. कार्यक्रम छान ऐकू आला पण रेकॉर्डिंग मुकं निघालं, या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच.

भोक कोणतं, हेही महत्त्वाचं. फिकट निळं लाइन-इन, हिरवं स्पीकरचं, गुलाबी माइकचं. माइकला काही हजारांश व्होल्टची सवय. त्यात लाइनचा एक तृतीयांश व्होल्ट ओतला की आवाज फाटतो. निळं भोक आधीच अडलेलं असेल, तर काही ट्यूनर कार्डांवर चार पिनांचं छोटं सॉकेट असतं. सीडी ड्राइव्हला लागते तशी ऑडिओ वायर तिथून साउंड कार्डाच्या ऑक्स-इनला जोडली की तार डब्याच्या आतच राहते.

लिनक्सवाल्यांची कथा आणखी निराळी. कार्डावर आवाजाचं एक स्विच असतं: ट्यूनर, बाहेरचं इनपुट, की शांत. ते फिरवायला ८४८ चिपच्या मोकळ्या पिना वापरायच्या, आणि कुठली पिन कशाला जोडायची हे प्रत्येक उत्पादकाने आपल्या मर्जीने ठरवलं. म्हणून लिनक्सच्या बीटीटीव्ही ड्रायव्हरमध्ये दीडशेहून जास्त कार्डांची क्रमांकवार यादी आहे. क्रमांक चुकला की चित्र येतं, आवाज नाही. आणि प्रोग्रॅम बंद होताना स्विच ‘शांत’वर नेलं गेलं नाही, तर खिडकी गेल्यावरही मालिका बोलत राहते. मला यादीतली ही चिकाटी फार आवडते. कितीतरी लोकांनी आपापलं कार्ड उलटंपालटं करून त्यात एकेक ओळ घातली असेल.

रेकॉर्डिंग करायचं ठरलं की मात्र आवाजालाही आकडे व्हावं लागतं, आणि नवाच पेच उभा राहतो. चित्र ज्या ठेक्यावर येतं तो टीव्ही केंद्राचा. आवाज मोजतो साउंड कार्डावरचा क्वार्ट्‌झचा स्फटिक. दोघांत दहा लाखांत पन्नासाचा फरक असला, तर तासाभरात ०.१८ सेकंद होतात. सिनेमाच्या शेवटी ओठ आणि शब्द वेगळे पडलेले स्पष्ट कळतात. व्हर्च्युअलडबसारखे प्रोग्रॅम त्यासाठी रेकॉर्डिंग चालू असतानाच आवाज कणभर ताणत किंवा आखडत. पुढच्या बीटी८७८ चिपमध्ये आवाजाचे आकडे करण्याची सोय आली, तोही मदरबोर्डवरून जाऊ शकला असता. पण काही कार्डांवर उत्पादकांनी त्या पिना जोडल्याच नाहीत. खोक्यात केबल होतीच.